विस्तव, जाळ आणि जळीत

गंगाखेडकडच्या शिवारात पौषाच्या कडाक्याच्या थंडीत हुरड्याची आगटी पेटवली, म्हणजे एकाच अग्नीची किती नावे कानी पडतात पाहा: पऱ्हाट्यांनी भडकतो तो जाळ, गोवऱ्यांच्या पोटात मुरतो तो विस्तव, अंगाला जाणवते ती धग, आणि कणसे खुपसायची ती जाळात नव्हे, जाळ बसल्यावर आरात, हे शेतकऱ्याच्या लहान पोरालाही सांगावे लागत नाही.

प्राचीन रोमच्या लॅटिन भाषेनेही असाच सूक्ष्म विवेक राखला होता. ‘इग्निस’ हा तत्त्वरूप अग्नी, ऋग्वेदाचा आरंभ ज्या शब्दाने होतो त्या आपल्या ‘अग्नी’चा सख्खा भाऊबंद, ‘फ्लाम्मा’ म्हणजे ज्वाळा, ‘रोगुस’ म्हणजे प्रेतासाठी रचलेली चिता, आणि ‘इन्सेन्डियम’ म्हणजे मनुष्याच्या हाताबाहेर गेलेली ती आग, जिला आमच्याकडे तलाठ्याच्या पंचनाम्यात ‘जळीत’ म्हणतात. कडब्याची गंजी भस्मसात झालेल्या कुणब्याला त्या एका रूक्ष सरकारी शब्दात वर्षभराच्या वैरणीची राख दिसते.

परंतु मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘फोकुस’, म्हणजे चूल. गावात घरे किती हे सांगताना आपण चुली मोजतो, भाऊ विभक्त झाले की चुली वेगळ्या झाल्या म्हणतो. रोमन मनुष्यही कुलदेवतांची वेदी आणि ही चूल यांच्या रक्षणार्थ लढण्याची भाषा बोलत असे. पुढे लोकांच्या तोंडी इग्निस मावळला आणि चुलीचेच नाव साऱ्या अग्नीला मिळाले: इटालियन ‘फुओको’, स्पॅनिश ‘फुएगो’, पोर्तुगीज ‘फोगो’ ही त्याचीच लेकरे. ज्याला आपली गणिताची पुस्तके नाभी म्हणतात त्या बिंदूलाही केप्लरने १६०४ साली हेच नाव दिले.

रोमच्या कायद्यात हद्दपारी फर्मावताना अपराध्याला पाणी आणि अग्नी वर्ज्य करीत, तर नववधूचे स्वागत पाणी आणि अग्नी देऊनच होई. ज्यांच्यात विस्तव जात नाही अशी घरे आमच्याही गावात असतात, आणि तो वाक्प्रचार कोठून आला हे जुन्या बायकांना विचारावे. चुलीतला विस्तव विझला की गोवरीचा तुकडा देऊन पोराला शेजारी धाडीत; शेजारीण चिमट्याने एक निखारा त्यावर ठेवी, आणि वाऱ्याला आडवा तळहात धरून, फुंकर घालीत, पोर धावत घरी येई.