गोत्र जुळले, रक्ताचे काय?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तिथे आहे. जुनी कागदपत्रे जमवणारे राजवाडे सर्वांना माहीत असतात; ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ लिहिणारे राजवाडे मात्र आजही वाचणाऱ्याला दचकवतात. लग्नाचे नियम आकाशातून पडलेले नाहीत, माणसांनी ते वेळोवेळी घडवले आणि बदलले, असा त्यांच्या मांडणीचा रोख. महाभारताच्या आदिपर्वातली श्वेतकेतूची कथा तेच सांगते. त्याच्या आईला परका ब्राह्मण हात धरून नेतो, वडील ‘हाच पूर्वापार धर्म’ म्हणून मुलाची समजूत काढतात. मुलगा ऐकत नाही. पती-पत्नीने एकमेकांशी एकनिष्ठ राहण्याची मर्यादा तो घालून देतो.

खान्देशात आजही स्थळ आले की आधी कूळ-गोत्र विचारतात. दोघांचे आपसात जमले असेल तर जरा जास्तच. नकार देताना ‘सगोत्र टाळण्यामागे विज्ञान आहे’ हे वाक्य हमखास येते. विज्ञान नेमके काय म्हणते?

गोत्र फक्त बापाकडून मोजतात. जनुके आई आणि बाप दोघांकडून येतात. वीस पिढ्यांपूर्वीचा पूर्वज एक असला, तरी आजच्या दोघांत त्याच्याकडून आलेले समान जनुक बहुधा काहीच उरत नाही. उलट मामाच्या मुलीचे गोत्र वेगळे, म्हणून अनेक घरांत ती चालते. पण आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. म्हणजे लांबचा धोका टाळायचा आणि जवळचा मांडवात आणायचा! कायद्याने सगोत्र विवाहाची आडकाठी १९४६ मध्येच काढली.

खरी तपासणी लागते ती दुसरीकडे. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर भागांतल्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल आढळतो. (तिथल्या होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला बाहेरचे लोक ‘जोडीदार निवडण्याचा मेळा’ म्हणतात. ते पावरा समाजातल्या अनेकांना रुचत नाही. त्यांच्या लेखी तो सणाचा बाजार.) या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे, पोट, छातीत असह्य कळा येतात.

दोषी जनुक एकाच पालकाकडून आले तर माणूस वाहक असतो, रुग्ण नव्हे. तो शेतात राबतो, संसार करतो. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्या निरोगी व्यक्तीशी झाले तर मुलाला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के. ‘पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन सुटली’ हा हिशेब चुकीचा. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत तपासणीनंतर कार्ड देतात. ते कार्ड पत्रिकेसारखे बैठकीत फिरू लागले, की त्याचा नवा विटाळ होतो, आणि वाहक मुलीची स्थळे आधी परततात. चाचणी लग्न ठरण्याआधी दोघांची व्हावी आणि अहवाल त्या दोघांच्याच हाती राहावा. दोघेही वाहक निघाले म्हणून प्रेम मोडलेच पाहिजे असे नाही. गरोदरपणाच्या साधारण अकराव्या आठवड्यात वारेचा अंश तपासून निदान करता येते, मूल दत्तक घेता येते. कुणी समुपदेशकाशी बोलून वेगळे होण्याचेही ठरवील. काय करायचे हे त्या दोघांनी ठरवायचे, पंचांनी नव्हे.