गोळी लागू पडेना तेव्हा

हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करून हिंगोलीच्या नाहीतर वसमतच्या बाजारात न्यायची. या धबडग्यात नैराश्याची गोळी कधी घेतली जाते, कधी राहते. महिन्याभराने घरचे म्हणतात, "गोळी लागूच पडेना." गोळ्यांचं पाकीट मात्र अर्धं भरलेलं असतं.

हे औषध पुऱ्या डोसमध्ये निदान सहा ते आठ आठवडे घ्यावं लागतं. अशी दोन वेगवेगळी औषधं नेमाने घेऊनही फरक पडला नाही, तरच नैराश्य औषधाला दाद देत नाही असं धरतात. त्याआधी थायरॉइड, बी-12, दारू, मागे कधी उन्मादाचा काळ येऊन गेला का, हे सगळं बघायला हवं.

एवढं पाहूनही नैराश्य हटत नसेल, तर नुसती गोळी बदलण्यात फारसं हशील नाही. अमेरिकेतल्या 'स्टार-डी' अभ्यासात (2006) पहिल्या औषधाने साधारण तिघांपैकी एकाला पूर्ण आराम पडला. तिसऱ्या-चौथ्या औषधापर्यंत हे प्रमाण सातांत एकावर आलं. म्हणून चालू गोळीला लिथियमची जोड देतात. ते स्वस्त आहे, पण रक्तातली पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासत राहावं लागतं.

पुढचा उपाय 'शॉक'. हा शब्द ऐकूनच नातेवाईक पेशंटला घरी घेऊन जातात, याचं मला फार वाईट वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? आधी भूल देतात. मग घोट्याजवळ बीपीचा पट्टा फुगवतात आणि स्नायू सैल करणारं औषध देतात. पट्ट्यामुळे ते त्या पावलापर्यंत पोचत नाही. डोक्याला काही सेकंद वीजप्रवाह दिला, की मेंदूत झटका येतो, पण बाहेर हलताना दिसतं ते बहुधा तेवढं एक पाऊल. मिनिटभरात ते थांबतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भुलीशिवाय शॉक देण्यावर बंदीच घातली आहे. शॉकच्या दिवसांतल्या काही आठवणी पुसट होतात, कधी त्याआधीच्याही. हे घरच्यांना आधीच सांगायला हवं.

केटामाइन हे मूळचं भुलीचं औषध. कमी मात्रेत ते काही तासांत मन हलकं करतं, पण परिणाम लवकर ओसरतो, रक्तदाब वाढतो, सवय लागण्याची भीती असते. 2023 मधल्या अमेरिकी चाचणीत 403 पेशंट होते, भ्रम होणारे वगळलेले. केटामाइनने 55 टक्क्यांना, शॉकने 41 टक्क्यांना गुण आला. स्वीडनमधल्या चाचणीत रुग्णालयात दाखल असलेल्या पेशंटमध्ये मात्र शॉक सरस ठरला. माझ्या मते दोन्ही चाचण्या खऱ्या आहेत, पेशंट वेगळे होते. ज्याने अन्नपाणी सोडलंय, ज्याला भास होतात, त्याच्यासाठी शॉकच आधी.

आणखी एक उपाय म्हणजे मेंदूला चुंबकीय उत्तेजन. त्याला भूल लागत नाही, आठवणींना धक्का नाही. पण आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावं लागतं. सेनगावच्या मजुराला ही रोजची खेप परवडणार कशी? शॉकला आठवड्यातून दोन-तीन खेपा, एकूण सहा ते बारा.

म्हणून उपायांची तुलना करताना एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत येणारं माणूस हेही मोजलं पाहिजे. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही जुनी मनोरुग्णालयं हिंगोलीहून लांब पडतात. हिंगोलीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झालं. तिथे शस्त्रक्रियेसाठी भूलतज्ज्ञ लागतोच. त्याच शस्त्रक्रियेच्या टेबलावर आठवड्यातल्या दोन सकाळी शॉकच्या पेशंटसाठी राखून ठेवाव्यात, ही मागणी जिल्ह्याने आताच लावून धरावी. तोवर जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर माणसाला एकटं सोडू नका आणि 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीतून बोला.