पेट्रोलचा कांटा खोटें कां बोलतो?

मोटारसायकलच्या टाकींत पेट्रोल किती उरलें आहे हें दाखविणारा लहानसा कांटा वरवर पाहतां अगदीं किरकोळ वाटतो. तो बंद पडला तरी गाडी चालते, दिवा लागतो, भोंगा वाजतो. म्हणून त्याची दुरुस्ती आजची उद्यांवर ढकलली जाते. परंतु चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळीला जाणाऱ्या कामगाराला ह्या कांट्याचें मोल निराळेंच असतें. भोसरीहून मोशीमार्गें चाकणकडे जाणाऱ्या पुणें-नाशिक महामार्गावर, किंवा चाकणहून तळेगांवकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अवजड वाहनांच्या रांगेंत गाडी एकाएकीं थांबली तर पाळी चुकते आणि मजुरी कापली जाते. अंधारांत गाडी ढकलीत नेणाऱ्याच्या जिवाला धोका असतो तो निराळाच.

ह्या भागाचा आणि दुचाकीचा ऋणानुबंध जुना आहे. १९४५ सालीं स्थापन झालेल्या बजाज उद्योगाला १९५९ सालीं दुचाकी व तीनचाकी वाहनें बनविण्याचा परवाना मिळाला आणि आकुर्डीचें नांव घरोघर पोहोंचलें. १९९९ सालीं चाकणचा कारखाना सुरू झाला. २००१ सालीं पल्सर ही मोटारसायकल बाजारांत आली. आकुर्डींतील वाहनांचें उत्पादन २००७ सालीं थांबलें, आणि २०२२ सालीं तेथेंच विजेवर चालणाऱ्या वाहनांचा कारखाना उभा राहिला. काळ असा पालटत असला, तरी दहा-पंधरा वर्षें वापरलेल्या पेट्रोलच्या गाड्याच आजहि असंख्य कामगारांना पाळीवर नेतात. ह्या लेखांतील विवेचन अशाच जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांविषयीं आहे.

जेव्हां गाड्यांना कांटा नसे, तेव्हां पेट्रोलचा कॉक हाच मापक असे. टाकीच्या आंत कॉकला दोन तोंडें असतात : एक उंच नळीचें, दुसरें तळाशीं. पेट्रोल उंच नळीच्या खालीं गेलें म्हणजे इंजिन अडखळूं लागतें. मग कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवावयाचा, कीं तळाचें पेट्रोल मिळूं लागतें. ही युक्ति साधी आणि भरंवशाची होती. पण तींत एक उणीव होती. ती टाकी रिकामी होत आल्याचें सांगे, किती भरली आहे तें सांगत नसे. कांटा आला तो ही उणीव भरून काढण्यासाठीं.

कांट्याच्या कामांत तिघे भागीदार असतात. पहिला टाकींतील सेंडर, ज्याला आपल्याकडील मिस्त्री नुसतेंच ‘फ्लोट’ म्हणतात. दुसरी त्यापासून निघणारी वायर. आणि तिसरा हँडलजवळचा मीटर. सेंडरमध्यें एका बारीक दांडीच्या टोंकाला पेट्रोलवर तरंगणारा पोकळ गोळा असतो. पेट्रोल चढलें कीं तो चढतो, उतरलें कीं उतरतो. दांडीच्या दुसऱ्या टोंकाला धातूची लवचीक पट्टी असते. ती विजेला अडथळा करणाऱ्या बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. पट्टी जसजशी सरकते, तसतसा विजेच्या मार्गांतील अडथळा कमी-अधिक होतो. हा अडथळा ओहम ह्या परिमाणानें मोजतात. अडथळा बदलला कीं मीटरमधून जाणारा प्रवाह बदलतो आणि कांटा हलतो. म्हणजे कांटा पेट्रोल पाहत नाहीं. तो दुसऱ्याची साक्ष आपल्यापर्यंत पोहोंचवितो.

दुरुस्तीचें सारें मर्म ह्या एका गोष्टींत आहे. तिघांपैकीं खोटें कोण बोलतो, हें ठरविण्यापूर्वींच पुष्कळ वेळां नवा मीटर बसविला जातो. पैसे जातात, आणि कांटा जागचा हलत नाहीं. चोर सोडून संन्याशाला सुळी, असा तो प्रकार होतो. म्हणून प्रथम परीक्षा, मग खर्च, हा क्रम कधींहि सोडूं नये.

परीक्षेच्याहि आधीं कांहीं आभास दूर केले पाहिजेत. मोटारसायकलची टाकी खोगिरासारखी असून गाडीच्या सांगाड्याच्या नळीवर दोन्ही बाजूंना उतरलेली असते. त्यामुळें अर्धें पेट्रोल संपलें म्हणजे कांटा बरोबर अर्ध्यावर येईलच असें नाहीं. गाडी बाजूच्या स्टँडवर कललेली असतां एक आंकडा दिसेल, मधल्या स्टँडवर सरळ उभी असतां दुसरा. चढावर आणि ब्रेक दाबतांना कांटा हलतो तो पेट्रोल आंत हिंदकळतें म्हणून. हे बिघाड नव्हेत. परीक्षा नेहमीं गाडी सपाट जागीं मधल्या स्टँडवर उभी करून करावी.

पहिली परीक्षा टाकी न उघडतां होते. टाकीचें झांकण घट्ट लावलेलें असावें आणि जवळपास पेट्रोल सांडलेलें नसावें. सेंडरपासून येणाऱ्या वायरींचें सॉकेट सोडवावें, चावी चालू करावी व कांटा कोणत्या टोंकाला जातो तें पाहावें. नंतर मीटरकडे जाणाऱ्या बाजूचीं दोन टोंकें क्षणभर एकमेकांना जोडावीं. कांटा विरुद्ध टोंकाला गेला पाहिजे. कोणत्या गाडींत कोणतें टोंक भरल्याचें, हें बनावटीप्रमाणें बदलतें. महत्त्व आहे तें दोन्ही वेळां दोन टोंकें गांठलीं जाण्याला. मात्र आंकडे किंवा पट्ट्या दाखविणाऱ्या डिजिटल मीटरवर ही थेट जोडणी करूं नये. तेथें गाडीच्या सर्व्हिस पुस्तकांत सांगितलेल्या ओहमचा रेझिस्टर मध्यें घालून पाहावें.

कांटा दोन्ही टोंकांना गेला, तर मीटर आणि वायर दोघेहि निर्दोष ठरले. दोष टाकींत आहे. कांटा हललाच नाहीं, तर तीच परीक्षा मीटरच्या मागील सॉकेटवर करावी. तेथें कांटा हलला, तर मधली वायर तुटली आहे. बहुधा ती हँडलच्या मानेपाशीं तुटते. कारण हँडल वळेल तितक्या वेळां ती तेथें वांकते. वरचें आवरण शाबूत दिसतें आणि आंतील तांबें मोडलेलें असतें. तेथेंहि कांटा हलला नाहीं, तर मीटरला बॅटरीची वीज पोहोंचते कीं नाहीं आणि त्याचें अर्थिंग घट्ट आहे कीं नाहीं हें तपासावें. हें सारें ठीक असेल तरच मीटर दोषी समजावा.

दोष टाकींत ठरला म्हणजे मात्र सावधगिरीचें काम सुरू होतें. इंजिन पूर्ण थंड असावें, बॅटरीची ऋण वायर काढलेली असावी, आणि काम उघड्या हवेंत करावें. घराच्या ओट्यावर, देवघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या जवळ हें काम करूं नये. पेट्रोलपेक्षां त्याची वाफ अधिक घातक असते. ती हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत दूरवर पसरते आणि लांबच्या ठिणगीनेंहि पेटते. पेट्रोल झांकणाच्या धातूच्या डब्यांत काढून घ्यावें, टाकी उतरवावी आणि सेंडरचे बोल्ट थोडेथोडे, आळीपाळीनें सैल करावे. सेंडर वांकडा करून, हळूच फिरवीत बाहेर काढावा. ओढला तर दांडी वांकते आणि नवाच दोष निर्माण होतो.

बाहेर काढलेला सेंडर पुसून, वाळवून टाकीपासून दूर न्यावा. प्रथम गोळा कानाजवळ हलवून पाहावा. आंत पेट्रोल खळखळत असेल तर तो फुटला आहे आणि बुडूं लागला आहे; टाकी भरलेली असूनहि कांटा रिकामी दाखवितो तो ह्यामुळें. असा गोळा बदलावाच. त्याला डाख देऊन भोंक बुजविण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. आंत अडकलेली वाफ तापलेल्या खिळ्यानें भडकते. नंतर मल्टिमीटर ओहमवर लावून दांडी तळापासून वरपर्यंत सावकाश उचलावी. आंकडा क्रमाक्रमानें बदलत गेला पाहिजे. मध्येंच तो उडी मारूं लागला किंवा अडथळा अमर्याद दिसूं लागला, तर त्याच जागीं वेटोळें झिजलें आहे किंवा त्यावर कीट चढलें आहे. भरल्या टाकीला बरोबर चालणारा कांटा अर्ध्याखालीं मरतो, त्याचें कारण पुष्कळदां येथें सांपडतें. दोन्ही टोंकांचे आंकडे सर्व्हिस पुस्तकाशीं ताडून पाहावे; प्रत्येक गाडीचे ते निराळे असतात.

कीट असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर व मऊ ब्रश वापरून तें काढावें. पॉलिश पेपर लावूं नये. केसासारखी तार त्यानें तुटते. लवचीक पट्टीचा दाब कमी झाला असेल तर ती अगदीं किंचित् वांकवावी. तारच तुटली असेल तर मात्र नवा सेंडर घेणें हेंच शहाणपणाचें.

हें कीट येतें कोठून, हेंहि पाहिलें पाहिजे. नाहीं तर आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं असें होईल. झांकणाचें रबर झिजलें कीं पावसाळ्यांत टाकींत पाणी शिरतें. पाणी पेट्रोलहून जड असल्यानें तें तळाशीं बसतें आणि गंज धरतो. त्यांत भर म्हणजे २०२५ सालीं देशांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोंचलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें, आणि पाण्याचें प्रमाण वाढलें कीं दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळीं होऊन तळाशीं जातात. जुन्या गाड्यांचे रबरी वायसर अशा इंधनासाठीं बनविलेले नव्हते. म्हणून सेंडर पुन्हां बसवितांना त्याचा वायसर नवाच घालावा, झांकणाचें रबर तपासावें, आणि पावसाळ्यांत गाडी फार दिवस अर्धवट टाकीनें उभी ठेवूं नये.

सेंडर बसविल्यावर बोल्ट समोरासमोरचे, सारख्या दाबानें आंवळावे. थोडें पेट्रोल ओतून सांध्यांतून पाझर नाहीं अशी खात्री होईपर्यंत बॅटरी जोडूं नये. मग मापानें एकेक लिटर पेट्रोल ओतीत जावें आणि प्रत्येक वेळीं, पेट्रोल स्थिर झाल्यावर, कांटा कोठें आहे तें एका कागदावर लिहून ठेवावें. अशा रीतीनें आपल्या गाडीच्या कांट्याची भाषा कळते. लाल रेषेशीं पोहोंचला म्हणजे अजून किती लिटर आहेत, आणि आपली गाडी लिटरला किती चालते, हें ठाऊक असलेल्या माणसाला चाकणहून निगडीपर्यंत पोहोंचूं कीं नाहीं ह्याचा उलगडा क्षणांत होतो.

ह्या परीक्षेला लागतात ते एक स्वस्त मल्टिमीटर, दोन पाने आणि सुटीच्या दिवसाची एक सकाळ. ज्यांना टाकी उतरविण्याचा सराव नाहीं त्यांनीं तें काम मिस्त्रीकडेच सोंपवावें. परंतु सॉकेट सोडवून करावयाची पहिली परीक्षा गाडीच्या मालकानें आपल्या देखत करवून घ्यावी. ती झाल्यावर कोणता पुर्जा बदलावयाचा हें अंदाजानें ठरत नाहीं, आणि निर्दोष मीटरचे पैसे कामगाराच्या खिशांतच राहतात.