काचेच्या पेटीतील समुद्र

उष्ण कटिबंधातील उथळ व निर्मळ समुद्रात प्रवाळांच्या वसाहती असतात. प्रवाळ दिसतो वनस्पतीसारखा, पण तो प्राणी होय. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाले वास करतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात व त्यातील पुष्कळसे प्रवाळाला मिळते. या सृष्टीचा लहानसा अंश घरी काचेच्या पेटीत राखण्याचा छंद अनेक देशांत आढळतो. परंतु समुद्र जे काम आपोआप करतो, ते येथे पाळणाऱ्याला करावे लागते. म्हणून साहित्याची व जीवांची निवड विचारपूर्वक केली पाहिजे.

पहिला प्रश्न पेटीच्या आकाराचा. पेटी जितकी लहान तितकी ती सांभाळण्यास सोपी, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. २० लिटरच्या पेटीतील २ लिटर पाणी उडून गेले, तर लिटरमागे क्षार ३९ ग्रॅमच्या जवळ जातात. ८० लिटरच्या पेटीत ते जेमतेम ३६ ग्रॅम होतात. म्हणून नवशिक्याने ८० लिटरच्या आसपासची पेटी निवडावी. उडालेल्या पाण्याची भरपाई शुद्ध गोड्या पाण्याने करावी, खाऱ्या नव्हे.

खारे पाणी करण्यास स्वयंपाकघरातील मीठ चालत नाही. समुद्रात कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादींचेही क्षार असतात व कॅल्शियमवाचून प्रवाळाचा सांगाडा घडत नाही. यासाठी मुद्दाम बनविलेले सागरी मीठ मिळते. क्षारमापक व तापमापक तर हवेतच. लाटांच्या जागी पाणी खेळते ठेवणारा पंप आणि प्रवाळ असल्यास सूर्याच्या जागी प्रखर दिवा लागतो. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते. ते फार तापले, तर प्रवाळ आपली शैवाले गमावून पांढरे पडतात. १९९८ साली हिंदी महासागरातील विस्तीर्ण प्रवाळभित्ती अशाच पांढऱ्या पडल्या होत्या.

साहित्य जमले, तरी मासे लगेच सोडू नयेत. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया हा विषारी पदार्थ पाण्यात मिसळतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही जीवाणू नायट्राइटचे पुष्कळ कमी अपायकारक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू सच्छिद्र दगडांवर वाढतात. त्यांच्या पोषणासाठी प्रथम माशांवाचूनच पेटीत थोडा अमोनिया घालतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. एवढा धीर न धरल्यामुळे कित्येक मासे थोड्याच दिवसांत प्राणास मुकतात.

यानंतर प्रथम शैवाल खाणाऱ्या दोन-चार गोगलगाई व मग विदूषक माशांची एक जोडी सोडावी. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा समुद्रात समुद्रफुलांच्या आश्रयाने राहतो. पेटीत मात्र समुद्रफूल नसले तरी त्याचे अडत नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्याची पैदास कृत्रिम टाक्यांत यशस्वी केली आहे. असे टाकीत जन्मलेले मासेच घ्यावेत. निळा सर्जन मासा दुकानात बोटाएवढा दिसतो, पण पुढे तो फूटभर वाढतो. अशा पेटीत त्याचा कोंडमाराच होईल.

प्रवाळांविषयी अधिकच सावधगिरी हवी. काही देशांत झाडाच्या कलमांप्रमाणे प्रवाळाचे तुकडे टाकीत वाढवितात. भारतात मात्र भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून संरक्षण आहे. मालवणचे असोत वा लक्षद्वीपचे, ते समुद्रातून तोडून आणणे हा गुन्हा ठरतो. तेव्हा येथील पेटीत सच्छिद्र दगड, गोगलगाई व दोन मासे एवढ्यावरच समाधान मानावे.

दोन माशांचे पाणी निर्मळ ठेवण्यास किती श्रम पडतात, हे अशी पेटी सांभाळणाऱ्याला रोज दिसते. मग समुद्रातील प्रवाळ जेथे आहे तेथेच का राहू द्यावा, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.