‘कोर्टानेच सांगितलंय’ म्हणणाऱ्या रमीबहाद्दरांसाठी

औरंगपुरा असो की सिडको, गणपतीच्या दिवसांत मंडपामागे रात्री उशिरा पत्ते पिसले जाऊ लागले आणि कुणी ‘काय रे, जुगार मांडलाय का?’ असं हटकलं, की उत्तर ठरलेलं असतं : ‘रमी जुगार नाही, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय.’ मोबाईलवर पगार घालवून बसलेलाही घरच्यांना हेच ऐकवतो, आणि रमीच्या जाहिरातींनीही वर्षानुवर्षं हाच मंत्र जपला. हे वाक्य धादांत खोटं असतं, तर एका दमात खोडता आलं असतं. पण ते अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं सोयीस्करपणे गिळलं जातं.

तो निकाल आहे नोव्हेंबर 1967 चा, ‘आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण’ या खटल्यातला. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी चालू असताना पोलिसांची धाड पडली होती आणि गुन्हा लावला होता तो निजामाच्या काळच्या हैदराबाद जुगार कायद्याखाली. 1948 पर्यंत निजामाच्याच अमलात असलेल्या आपल्या शहराला हा संदर्भ परका वाटू नये. न्यायालय म्हणालं, रमी हा तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. कोणते पत्ते पडले हे लक्षात ठेवावं लागतं, कोणता धरायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवावं लागतं, म्हणून रमीत कौशल्य प्रधान आहे. इथवर सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण त्याच निकालात पुढे स्पष्ट म्हटलंय, की क्लबाने टेबल-पत्त्यांसाठी घेतलेली किरकोळ फी हा नफा नव्हे, मात्र पैसे लावून चाललेल्या खेळातून, मग तो रमी का असेना, जागेचा मालक किंवा क्लब कमाई करत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. म्हणजे न्यायालयाने खेळाला प्रमाणपत्र दिलं, त्यावर धंदा करणाऱ्याला नाही.

आता हे कौशल्य नेमकं कुठे असतं? तेरा पत्त्यांच्या रमीत दोन कॅट लागतात, म्हणजे प्रत्येक पत्ता दोनदा. हातात बदाम पंजी-छक्की असेल, तर बदाम चौकी किंवा बदाम सत्ती चालते, म्हणजे कामाचे पत्ते चार. पंजी आणि सत्ती धरून बसलात, तर फक्त बदाम छक्की हवी, म्हणजे दोनच. अशा मधल्या पत्त्याची वाट बघण्यात निम्मी शक्यता हातची जाते, आणि पडलेल्या पत्त्यांत एक बदाम छक्की आधीच जाऊन बसली असेल, तर उरते एक. समोरच्याने उघड्या ढिगातून चौकट नश्शी उचलली, तर पुढचे काही हात त्याला चौकटची अठ्ठी, चौकटची दश्शी किंवा कुठलीही नश्शी द्यायची नाही, हे ज्याला सुचतं तो खेळाडू. न्यायालयाने म्हटलेलं कौशल्य ते हेच, आणि ते खरं आहे.

पण कौशल्याला वाव किती, हे रमी कोणत्या पद्धतीने खेळता यावर ठरतं. पॉइंट रमीत एका डावात हिशेब मिटतो; वाटणीतच जोकर आणि जुळलेला क्रम आला, तर नवखाही मुरलेल्याला उडवतो. 101 च्या पूलमध्ये गुण साठत जातात आणि 101 झाले की माणूस बाद. सुरुवातीलाच डाव सोडला तर 20 गुण, मधून सोडला तर 40, पूर्ण सापडला तर 80 पर्यंत. वाईट पत्त्यांवर पाच वेळा सुरुवातीलाच डाव सोडून 100 वर तग धरता येतो, पण सहाव्यांदा सोय नाही. कधी सोडायचं हे कळणं, हे तिथलं मोठं कसब. मोबाईलवर झटपट, एका डावाच्या रमीला ‘कौशल्याचा खेळ’ म्हणायचं, तर हेही सांगायला हवं, की डाव जितके कमी तितकं नशिबाचं पारडं जड.

इथे हमखास प्रश्न येतो : ‘मग मी चांगला खेळत असेन, तर जिंकेनच ना?’ शांतपणे हिशेब करा. सहा जणांनी शंभर-शंभर रुपये टाकले, सहाशे जमले. चालवणाऱ्याने समजा 60 काढून घेतले, वाटायला उरले 540. असे दहा डाव झाले, की पहिल्या डावाच्या अख्ख्या सहाशेएवढी रक्कम टेबलावरून गेलेली असते. रमीत पैसा पिकत नाही, तो फक्त हात बदलतो, आणि प्रत्येक हातबदलीला घट लागते. म्हणजे नुसतं इतरांपेक्षा चांगलं खेळून भागत नाही, ती घट भरून निघेल इतकं चांगलं खेळावं लागतं. ते थोड्यांनाच जमतं, आणि टेबलावरचा प्रत्येक जण त्या थोड्यांत स्वतःला धरतो.

‘पण ऑनलाइन तर कायदेशीर आहे,’ हे ‘कोर्टानेच सांगितलंय’चं धाकटं भावंड. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई आहे, खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोन्हींचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय हे खरं, पण आव्हान दिलं म्हणजे कायदा रद्द झाला असं होत नाही.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीचे. जोकर असला की क्रम अशुद्धच : नाही, कापलेला जोकर सत्ती असली तरी बदाम छक्की-सत्ती-अठ्ठी हा शुद्धच क्रम, कारण सत्ती स्वतःच्या जागी आहे. राजा-एक्का-दुर्री चालते : नाही, एक्का एका टोकाला लागतो, मधोमध नाही. दोन बदाम राजे एका सेटमध्ये : तेरा पत्त्यांत नाही, एकवीस पत्त्यांच्या, तीन कॅटच्या रमीत मात्र तीन एकसारखे पत्ते जमले, तर त्याला टनेला म्हणून मान आहे. एक्क्याचा गुण एक : नाही, दहा.

पत्ते खेळा, खुशाल खेळा. नियम आधी ठरवा, गुण वहीत मांडा. पण टेबलावर पैसा ठेवून चालवणारा त्यातून कमावत असेल, तर सुप्रीम कोर्टाचं नाव घेऊ नका. तो निकाल तुमच्या बाजूने नाही.