सुटी आणि सुटी सिगारेट

व्यसन सोडण्याचा संकल्प मनुष्य एकट्याने करतो. तो मोडतो मात्र बहुधा चारचौघांत. आणि डिसेंबर उजाडला की आपल्या गोमंतकात चारचौघांत बसण्याउठण्याचेच दिवस सुरू होतात. नाताळची सुटी, मुंबईहून आणि आखातातून घरी आलेले भाऊबंद, शेजारच्या ख्रिस्ती घरातून येणारे नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंक यांचे ताट, एकतीस डिसेंबरची मध्यरात्र, आणि त्यापाठोपाठ फातर्प्याची जत्रा, म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा, पहाटेपर्यंत रंगणारी नाटके. सर्वांच्या आनंदाचे हे दिवस, परंतु ज्याने दिवाळीनंतर कधीतरी विडी किंवा सिगारेट सोडली आहे त्याच्यासाठी तेच सत्त्वपरीक्षेचे ठरतात. वर्षभर घरच्यांनी केलेली विनवणी, डॉक्टरांनी दिलेली ताकीद आणि त्याने स्वतः गोळा केलेले सारे बळ एका रात्रीत वाया जाण्याचा धोका याच दिवसांत अधिक असतो.

हा धोका नेमका कोठून येतो, हे पाहिले पाहिजे. ज्याने सिगारेट सोडली तो दुकानात जाऊन पुन्हा पाकीट विकत घेतो, असे सहसा घडत नाही. पाकीट विकत घेण्याची त्याला लाज वाटते. त्याला गाठते ती सुटी सिगारेट. मित्राने पुढे केलेली किंवा गाड्यावरून 'एकच' म्हणून घेतलेली. 'अरे, आज नाताळ आहे', 'वर्षातून एकदा भेटतोस', 'एका झुरक्याने काय होते?' हे शब्द प्रेमाचे असतात आणि म्हणूनच त्यांना नकार देणे जड जाते. वैऱ्याने दिलेले विष कोणीही झुगारून देईल. मित्राने आग्रहाने दिलेले ओठाशी जाते.

शरीराच्या बाजूने पाहिले तर ही लढाई वाटते तितकी लांबलचक नाही. धूर ओढताच निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि मेंदूला त्याची सवय जडते. सवय तोडल्यावर चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, एकाग्रतेचा अभाव आणि वाढलेली भूक यांचा त्रास पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वाधिक होतो, आणि दोन ते चार आठवड्यांत तो ओसरतो. मध्येच उसळणारी तलफ सामान्यतः काही मिनिटांचीच असते. ती मिनिटे निभावली की ती आपोआप शमते. दुसरीकडे लाभही तत्काळ सुरू होतो. शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडीचा वेग उतरू लागतो, दिवसाभरात रक्तातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण खाली येते, आणि एका वर्षानंतर हृदयविकाराचा वाढीव धोका धूम्रपान करणाऱ्याच्या तुलनेत सुमारे निम्मा राहतो. म्हणजे प्रश्न त्या काही मिनिटांचा आहे, आणि त्या मिनिटांत शेजारी कोण उभा आहे याचा आहे.

तंबाखूचा इतिहासच मुळी संगतीचा इतिहास आहे. हे पान पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि दख्खनमध्ये रुजले. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग नावाचा मोगल दरबारी विजापूरहून परतताना रत्नजडित हुक्का आणि तंबाखू घेऊन अकबराकडे गेला. त्यानेच लिहून ठेवलेल्या वृत्तान्ताप्रमाणे बादशहाने आणणाऱ्याचे मन राखण्यासाठी दोन-चार झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली आणि बादशहाने ते पुढे चालवले नाही. परंतु भोवतालच्या सरदारांना मात्र ते हवेसे झाले आणि पाहता पाहता चाल पडली. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने मनाई फर्मावली, तोवर उशीर झाला होता. आणणाऱ्याचे मन राखण्यासाठी घेतलेला तो झुरका आजही आपल्या प्रत्येक मैफलीत घेतला जात आहे.

संगत जशी बुडवते तशी ती तारतेही, याला आता शास्त्राचा भक्कम आधार आहे. अमेरिकेतील मॅसाच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचे गाव आहे. तेथील हृदयविकारविषयक दीर्घ पाहणीतील १२,०६७ व्यक्तींच्या परस्परसंबंधांचा, १९७१ ते २००३ या बत्तीस वर्षांतील नोंदींवरून, निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी अभ्यास केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पती किंवा पत्नीने धूम्रपान सोडले तर जोडीदाराने ते करीत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते. भावंडाने सोडले तर २५ टक्क्यांनी, मित्राने सोडले तर ३६ टक्क्यांनी, आणि लहान कचेरीतील सहकाऱ्याने सोडले तर ३४ टक्क्यांनी. माणसे एकेकटी नव्हे, तर जथ्याजथ्याने सिगारेटपासून दूर झाली, असे त्यांना आढळले. भावापेक्षा मित्राचा प्रभाव अधिक, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सोबतीने व्यसन सोडण्याचा मार्ग काही नवा नाही. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे दोन मद्यासक्तांच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. एका व्यसनमुक्ताने दुसऱ्याचा हात धरावा, हेच तिचे सूत्र. महाराष्ट्रात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'नेही स्वतः त्या वाटेने गेलेल्या माणसांनाच इतरांचे वाटाडे बनवले. परंतु या इतिहासात एक विदारक तपशील आहे. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चे एक संस्थापक बिल विल्सन यांनी दारू कायमची सोडली, मात्र सिगारेट दीर्घकाळ सुटली नाही, आणि १९७१ मध्ये फुप्फुसाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. ज्या बैठकींनी दारूचा पेला दूर ठेवला, त्याच बैठकींत धूर मात्र कोणालाच खटकत नव्हता. मंडळी ज्या गोष्टीला आळा घालते तीच सुटते. जिच्याकडे ती काणाडोळा करते ती राहते.

गोमंतकाला या बाबतीत अभिमान बाळगण्यास जागा आहे. डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्या शल्यविशारदाने तंबाखूविरुद्ध येथे अखंड मोहीम चालवली आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकणे यांस मनाई करणारा कायदा गोव्याने १९९७ मध्येच केला. देशव्यापी कायदा २००३ मध्ये आला आणि सार्वजनिक जागांवरील धूम्रपानबंदीचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले, तेथे गोव्याचे प्रमाण ९.७ टक्के होते. ही कमाई मोठी आहे. परंतु कायद्याचा हात कचेरीपर्यंत आणि बसस्थानकापर्यंत पोहोचतो. घरामागच्या अंगणात, जत्रेच्या पेठेमागील काळोखात आणि नाटकाच्या रंगपटाच्या पाठीमागे तो पोहोचत नाही. तेथे पोहोचतो तो मित्रच.

तेव्हा मित्रांनी काय करावे, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. ज्याने सिगारेट सोडली आहे त्याने ती गोष्ट लपवू नये. सुटी सुरू होण्यापूर्वीच आपल्या दोन-तीन निकटच्या स्नेह्यांना सांगून टाकावी. 'माझ्यापुढे पाकीट करू नका' एवढे एक वाक्य आधी बोलून ठेवले तर ऐन मैफलीत नकार देण्याची पाळी येत नाही. त्यांपैकी एकाने आपला फोन रात्री-अपरात्री उचलण्याचे वचन द्यावे. जेवणानंतर मंडळी धूर ओढण्यासाठी बाहेर निघाली की या सोबत्याने त्याच्याजवळ आत बसावे, किंवा त्याला घेऊन दुसऱ्या दिशेने चार पावले चालून यावे. मद्याचा पेला हाती आला की निर्धार सैल पडतो, हे ध्यानी घेऊन त्या रात्री पेल्यालाही मर्यादा घालावी. तिघे-चौघे एकाच वेळी सोडणारे असतील तर फारच उत्तम. एकट्याने पुस्तिका वाचून सोडण्यापेक्षा गटाच्या आधाराने सोडणाऱ्यांना अधिक यश येते, हे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे.

जत्रोत्सवाच्या समित्यांना आणि हौशी नाट्यमंडळांनाही आमचे सांगणे आहे. नाटकाची तालीम रात्री अकराला सुरू होते आणि जागरणासाठी चहाबरोबर सिगारेट ही जणू ठरलेली बिदागी समजली जाते. रंगपटात धूर नको, असा नियम मंडळाने स्वतःच केला तर कोणा एकाला वाईटपणा घ्यावा लागणार नाही. जागरणाला चहा, आल्याचा तुकडा, भाजलेले चणे पुरेसे आहेत.

कोणाचा पाय घसरलाच, तर त्याला हसू नये आणि 'आम्ही म्हणतच होतो' असेही म्हणू नये. एका सिगारेटने सारे बुडाले, असे समजून मनुष्य हताश होतो आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच पाकीट विकत घेतो. बहुतेकांना कायमचे सुटण्यापूर्वी अनेकदा प्रयत्न करावे लागतात. पडणे हा त्या वाटेचाच भाग आहे. सोबत्याने त्या क्षणी एवढेच विचारावे, की पुढची नाकारायला मी येथे बसू का? तलफ फारच असह्य होत असेल तर निकोटिनयुक्त च्युइंगम आणि अन्य औषधे आहेत. ती डॉक्टरांना विचारून घ्यावीत. ज्याला जवळ सोबती नाही त्याच्यासाठी केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनिसेवा २०१६ मध्ये सुरू झाली, आणि २०१८ पासून हा क्रमांक पाकिटावरच छापला जाऊ लागला.

या साऱ्यात घरातील स्त्रियांचा विचार सहसा शेवटी होतो, वास्तविक तो आधी व्हावयास हवा. स्वतः कधीही विडीला हात न लावलेल्या पत्नीच्या आणि मुलांच्या छातीत तोच धूर जातो. सोडण्याच्या दिवसांतील चिडचिडही तीच माणसे सोसतात. मित्रांनी उचललेला भार हा त्यांच्या खांद्यावरून उतरलेला भार असतो.

एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री आपल्याकडे गवताचा म्हातारा करून जुने वर्ष जाळण्याची प्रथा आहे. त्या आगीभोवती उभे राहणाऱ्या मित्रांच्या घोळक्यात यंदा कोणीतरी असा असेल, ज्याच्या निर्धाराला जेमतेम तीन आठवडे झाले आहेत. त्याचा हात रिकामा दिसला म्हणून त्यात सिगारेट ठेवू नका. तो हात रिकामाच राहील, एवढे पाहणे हेच या सुटीतले मित्रकर्तव्य होय.