‘सून जेवायला देत नाही’

हळदीच्या पट्ट्यातल्या हट्ट्यासारख्या गावात ओसरीवर बसलेली आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, ‘सकाळपासून पोटात कण नाही, सून जेवायला देत नाही.’ तासाभरापूर्वीच तिने भाकरी खाल्लेली असते. ऐकणारा सुनेकडे वेगळ्या नजरेने बघतो आणि सुनेच्या डोळ्यांत पाणी येतं.

आपण याला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतो. पण हा स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया, मेंदूचा आजार असू शकतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना तो आहे. शहरांपेक्षा खेड्यांत त्याचं प्रमाण जास्त आहे.

जेवल्याचं विसरणं ही एक बाजू झाली. दुसरी बाजू अधिक धोक्याची: भूक-तहान कळत नाही, समोरच्या ताटाचं काय करायचं ते सुचत नाही आणि वजन उतरत जातं.

‘आत्ताच तर खाल्लं’ असा वाद घालू नका, हातात केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू द्या. मधुमेह असेल तर काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. दोन मोठ्या जेवणांऐवजी थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या.

ताटाकडेही बघा. चकचकीत स्टीलच्या ताटात पांढरा दहीभात नीट दिसतच नाही. बोस्टनच्या संशोधकांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्झायमरच्या (स्मृतिभ्रंशाच्याच एका प्रकाराच्या) रुग्णांना लाल ताटल्या दिल्या, तेव्हा त्यांचं खाणं सुमारे पाव पटीने वाढलं. गडद रंगाची साधी ताटली त्यासाठी पुरते. एका वेळी एकच पदार्थ वाढा.

दात नसतील तर भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून काला करा, वर चमचाभर तूप घाला. ताकातल्या ज्वारीच्या कण्या, मऊ खिचडी, पातळ पिठलं हे सगळं घरातलंच आहे. उन्हाळ्यात पाणी मागण्याची वाट न बघता तासा-दोन तासांनी घोट-घोट पाजा. भरवताना ताठ बसवा, घास लहान ठेवा, पहिला गिळल्यावरच दुसरा द्या. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. वारंवार ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आपला भाग हळदीचा. पण हळदीने हा आजार बरा होतो, असा पुरावा नाही. त्यापेक्षा दर महिन्याला वजन करा आणि बी-१२ व थायरॉइड तपासून घ्या. यांच्या कमतरतेनेही विसराळूपणा येतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो.

सगळ्यात मोठं पथ्य सोबतीचं आहे. हळद शिजवण्याच्या दिवसांत घर शेतावर जातं आणि झाकून ठेवलेलं ताट तसंच राहतं. शेजारी बसून कुणी घास घेतला, की त्याचं बघून म्हाताऱ्या माणसाचाही हात ताटाकडे जातो.

म्हणून शेजाऱ्यांना एक विनंती. आजी ‘सून जेवायला देत नाही’ म्हणाली, तर सुनेला बोल लावू नका. तिला विचारून अर्धा तास आजीजवळ बसा आणि आजीसोबत दोन घास खा.